उताणा हात, पालथा हात

२७ फेब्रुवारी १९९२, गुरुवार. दोंडाईचा

निघालं बाई एकदाचं प्लास्टर! पाच आठवड्यांनी माझा उजवा हात मला दिसला आणि मी तो ओळखलाच नाही. हडकुळा, खपल्या निघालेला, कोणा आजारी परक्या बाईचा असावा तसा. तरी धुळ्यापासून दोंडाईच्यापर्यंत बसमध्ये मी त्याला मांडीवर घेऊन कुरवाळत आले. शेजारची बाई टकामका बघत होती. बघू दे.

शिंदखेड्याला एका लग्नाचे मांडे करून येत होते, एस.टी.च्या पायरीवरून पाय सटकला, हात टेकला आणि कोपराखाली कडकन वाजलं. हाड आता जुळलं म्हणाले डॉक्टर. मग मला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे निमोणकर मॅडम आहेत. वयाने पोरसवदा, पण आवाज हेडमास्तरचा. त्यांनी एक कार्ड दिलं. "वच्छलाबाई, हात किती वळतो ते रोज मोजायचं आणि यावर लिहायचं." कार्डावर नुसत्या चौकटी, चौकटीत नुसते आकडे. माझ्यासारखीचं त्यात काय मावणार? म्हणून ही वही. आमच्या मुलाची, पंडितची, कॉलेजची जुनी, मागची पानं कोरी होती. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण मी सातवीपर्यंत शिकले आहे. वहीत शाळेतलीच मराठी लिहीन.

आता खरी गोष्ट. हात वाकतो, सरळ होतो, पालथाही छान होतो. उताणा होत नाही! तळहात आभाळाकडे करायला गेले की वाटेतच अडतो. मॅडमनी मोजलं. डावा पंच्याऐंशी अंश, उजवा वीस. वीस! वीस अंशांत काय होतं? मांडे होत नाहीत.

मांड्याचं सगळं उताण्या हातावर असतं. पुरण भरलेला उंडा जरासा लाटायचा आणि दोन्ही तळहातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो मनगटाशी येतो, मग कोपराशी येतो, आणि एवढा पातळ होतो की खालून बांगडीचा रंग दिसावा. मग हात पालथे करून चुलीवरच्या खापरावर सोडायचा. लग्न होऊन आल्यापासून सव्वीस आखाज्या झाल्या, एकाही आखाजीला या घरात दुसऱ्या कोणाच्या हातचा मांडा आला नाही. यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पाच मेला. म्हणजे अडुसष्ट दिवस.

सुनेला शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती म्हणाल, तर दोन वर्षं शिकवूनच राहिले आहे. कोकिळाच्या हातावर उंडा ठेवला की घसरून परातीत. "हात उताणा धर" सांगून माझा घसा सुकला. धरतच नाही. फैजपूरची ना, केळीच्या बागांतली, लाडात वाढलेली.

२ मार्च, सोमवार, महाशिवरात्र

उजवा बावीस. घरी मोजायची युक्ती मीच काढली. मुठीत लाटणं उभं धरायचं, हात वळवायचा, आणि पंडितच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने लाटणं किती कललं ते बघायचं. मॅडमना सांगेन तेव्हा त्या चाटच पडतील.

देवळात मात्र कोकिळाने लाज आणली. गुरव तीर्थ देतो तेव्हा माणूस सरळ हात पुढे करतो की नाही? ही अंग तिरपं करून, कोपर पोटापुढे घेऊन, एक खांदा पाडून हात पुढे करते, जसं काही गुरवावर उपकारच. निम्मं तीर्थ फरशीवर. मी घरी येऊन म्हटलं, "देवापुढेसुद्धा ताठा?" तर खाली बघत भगर निवडत बसली. बोलत नाही, हीच तर तिची मोठी खोड. भांडली असती तर मी समजून तरी घेतलं असतं.

५ मार्च, गुरुवार

काय बघितलं मी आज! काय बघितलं! बसमध्ये कधी एकदा घरी येते आणि लिहिते असं झालं होतं.

मॅडमनी कपाट उघडलं आणि हाडांचा हात बाहेर काढला. खरा! तारेने जोडलेला. मला वाटलं होतं भीती वाटेल. कसली भीती, मी तो हातातच घेतला. दंडात एकच हाड, जाड. पण कोपराखाली दोन! एक करंगळीच्या बाजूला, तिचं नाव अल्ना. कोपर टेकला की पाटाला टोचतं ते तिचंच टोक. दुसरी अंगठ्याच्या बाजूला, रेडियस. तिचं वरचं डोकं शर्टाच्या बटणासारखं गोल आहे आणि ते एका कड्यात बसलंय. हात उताणा असला की दोघी शेजारी शेजारी उभ्या. हात पालथा केला की रेडियस सरळ अल्नाच्या अंगावरून आडवी जाते! अल्ना जागची हलत नाही, हीच तिच्याभोवती फिरते. मला तर थोरली आणि धाकटी जाऊ आठवली. थोरली जागेवर बसून असते आणि धाकटी सगळं घर फिरते.

पंचेचाळीस वर्षं मी हा हात वापरते, याच्यावर एवढाले मांडे वाढवले, आणि आत हे चाललंय त्याचा पत्ताच नव्हता मला!

माझी भेग धाकटीच्या डोक्याशीच पडली होती, म्हणून ते कडं आखडलंय. मॅडम म्हणाल्या, सुटेल, पण व्यायाम केला तर. किती सुटेल? तर म्हणे आत्ताच सांगता येत नाही. मी म्हटलं, "मला पंच्याऐंशी पाहिजेत." त्या हसल्या. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते.

७ मार्च, शनिवार

दोन दिवस झाले, मी दिसेल त्याचा हात धरते आहे. कोपर एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या कोपराखाली अंगठ्याच्या बाजूला रुतवायची, आणि म्हणायचं, "आता हात उताणा कर, पालथा कर." बोटांखाली धाकटीचं डोकं गरागरा फिरतं! लागतंच हाताला!

आमचे हे दलिचंदशेठच्या मिरचीच्या आडतीवर तोलाईला आहेत. जेवायला बसले होते तर मी त्यांचा घास थांबवून हात धरला. ओरडले, "मना हात मुरगाळी टाकशी का व? आते आडतीवरना बठ्ठा हमाल बलावू का तुन्हासाठे?" बोलवा म्हटलं. शेजारच्या चंदनबाई मारवाडी, गोऱ्यापान, हाताला मांस भरपूर, त्यांचं डोकं सापडायला वेळ लागला. सापडलं तेव्हा त्यांनाच एवढं नवल वाटलं की घरी जाऊन त्यांनी नवऱ्याचा, शांतीलालभाईंचा हात धरला.

कोकिळाला हाक मारली तर म्हणाली हाताला पीठ आहे, आणि मागच्या दारी गेली. दुपारी तीनला कसलं पीठ? परातही कोरडी होती. या घरात काही नवीन आलं, गंमत आली, की हिचा पाय बाहेर.

१९ मार्च, गुरुवार, धुळवड

चाळीस! चाळीस! चाळीस!

रंगामुळे बसगाड्या कमी, तरी गेले धुळ्याला. मॅडमनी आज दंडातल्या बेटकुळीचं गुपित सांगितलं. पोरं दंड फुगवून दाखवतात ती बेटकुळी. मला वाटायचं तिचं काम हात वाकवणं. वाकवते, पण हात उताणा करण्यातही सगळ्यात मोठा जोर तिचाच. उजव्या हाताने बरणीचं झाकण घट्ट पिळा, बेटकुळी टरारून वर येते. घरी आल्यावर लोणच्याच्या सगळ्या बरण्या काढल्या आणि पिळत बसले.

मग कोकिळाला दिली एक. तर ही झाकण धरून ठेवते आणि खालची बरणी फिरवते! उलट्या डोक्याची. मी हसले, पंडितही तिथेच होता, तो मात्र हसला नाही. "आई, ऱ्हाऊ दे ना," म्हणाला आणि बरणी तिच्या हातातून घेतली. बायकोचं फार मनावर घेतो आमचा पंडित.

२६ मार्च, गुरुवार

आज चोरी पकडली गेली. माझी!

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घरी पंचावन्न आले. मॅडम म्हणाल्या करून दाखवा. दाखवलं. म्हणाल्या, हे पंचावन्न नाहीत, पंचेचाळीस आहेत. दहा तुम्ही चोरलेत. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घेतली आणि माझ्या कोपर आणि बरगडीच्या मधे ठेवली. "आता ही न पाडता वळवा." वळवलं, घडी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली.

"हात वळत नसला की माणूस नकळत अंग वळवतो," त्या म्हणाल्या. "कोपर पोटापुढे आणतो, खांदा पाडतो, कमरेतून तिरपा होतो. सगळेच करतात. पण व्यायामात चालायचं नाही. कोपर बरगडीलाच पाहिजे."

मला चोर म्हटलेलं आवडलं नाही, पण खरं होतं. आता घरी घडी ठेवूनच मोजते. आज घरीही पंचेचाळीसच.

४ एप्रिल, शनिवार, पाडवा

गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि न्हाणीत जाऊन पंचा ओला केला. आज मांड्याची तालीम! पिठाऐवजी ओला पंचा, वजन साधारण तेवढंच. अंगणात उभी राहून झुलवायला लागले. डाव्या हातावर झकास बसला. उजव्यावर आला की उतरणीवरून घसरावा तसा घसरतो. चोवीस वेळा केलं, चोवीस वेळा मातीत. पंचा लाल झाला. चंदनबाई भिंतीवरून विचारतात, "वच्छलाबेन, कपडे धुऊन राहिल्या की मळवून राहिल्या?"

रागाने मी दोन्ही हात पालथे केले आणि पंचा वरून टाकला, मनगटाच्या मागच्या बाजूवर. तर बघा, बसून राहिला. कोपरापर्यंत पसरला, हलेना. पण त्याचा काय उपयोग? पालथ्या हातावर कोणी मांडा केलाय? घसरवून टाकला आणि पुन्हा सरळ बाजूने सुरू केलं.

कोकिळा ओट्यावर बसून सगळं बघत होती. एवढी टक लावून मी तिला काही बघताना कधी पाहिलं नाही. शिकायची इच्छा झाली की काय? विचारलं तर उठून आत गेली.

१२ एप्रिल, रविवार

आज आमच्या ओसरीवर पापड होते. गल्लीतल्या नऊजणी जमल्या. खरं ते लिहिते, लाटण्यात कोकिळाचा हात धरणारी गल्लीत कोणी नाही. तिचे पापड चंद्रासारखे गोल, आणि आम्ही एक लाटतो तेवढ्यात तिचे दोन. सगळ्याजणी वाखाणत होत्या, मलाही बरं वाटत होतं.

शेवटी उरलेले मूग वाटत होते, प्रत्येकीला ओंजळ ओंजळ. सगळ्यांनी ओंजळ केली. कोकिळाने पदर पुढे केला. मी म्हटलं, ओंजळ कर. तिने ताटली घेतली. मी म्हटलं, "ताटली नको, ओंजळ." तिने एक हात दुसऱ्याखाली असा काही वेडावाकडा धरला की मूग सगळे ओसरीभर सांडले. आणि माझं डोकं फिरलं. नऊ बायकांसमोर बोलले, "तुन्ही मायनी तुले ओंजळ धरानंबी शिकाडं नही का?"

 तिने खाली बसून मूग वेचले. एकेक दाणा, चिमटीने. चंदनबाई तिच्याबरोबर वेचायला बसल्या, त्याचा मला जास्त राग आला.

उजवा बावन्न. आज आनंद झाला नाही. पण मी काही चुकीचं बोलले असं वाटत नाही. शिस्त लावायलाच हवी.

२० एप्रिल, सोमवार

कोकिळा माहेरी गेली. आखाजीला मुली माहेरी जातात, भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, रीतच आहे. पण पंधरा दिवस आधी? तिचा भाऊ वना सकाळी आला आणि दुपारच्या गाडीने घेऊनही गेला. जाताना ती पाया पडली. मी म्हटलं, "आखाजी झाली की ये लवकर." ती "हो" म्हणाली नाही. तिची पेटी जड होती. आखाजीच्या चार दिवसांना थंडीची शालसुद्धा लागते का?

पंडित दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. घर कसं ओकं ओकं वाटतं. ओट्यावर टक लावून बघणारं कोणी नाही, तर पंचा झुलवायलाही मजा येत नाही.

उजवा अठ्ठावन्न.

२८ एप्रिल, मंगळवार

पंडित जेवून गेला आणि मी वही काढली. 

सकाळी मोजत होते. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. आठ दिवस तिथेच अडलंय, आणि आखाजी सात दिवसांवर. चिडले. वर्तमानपत्राची घडी फेकून दिली आणि म्हटलं करू दे चोरी, कोण बघतंय? केली. तळहात झाला उताणा! आणि समोर कपाटाचा आरसा होता.

आरशात कोकिळा उभी होती. अंग तिरपं, कोपर पोटापुढे, एक खांदा पडलेला. देवळात तीर्थ घेणारी कोकिळा, अगदी हुबेहूब.

 मग एकेक आठवायला लागलं. घसरणारा उंडा. झाकण धरून फिरवलेली बरणी. कोरड्या परातीचं पीठ. पदर. ताटली. ओंजळ! ओ माय व! ओंजळीला तर दोन्ही हात उताणे लागतात! आणि लाटायला हात पालथेच लागतात, म्हणून पापडात तिच्यासारखी कोणी नाही.

मी गल्लीभर हात धरत फिरले, चंदनबाईंचं, यांचं, पोस्टमनचंसुद्धा हाड चाचपलं, आणि घरातल्या घरात दोन वर्षं एक पोरगी माझ्यासमोर... मी कसली आंधळी!

पंडित जेवायला आला तर दारातच गाठला. "पंड्या, खरं सांग. तिना हात उताना व्हतंस का?" त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, "नही व्हतंस. दोन्ही नही व्हतंस. जल्मापासून." मी म्हटलं, तू मला सांगितलं नाहीस? "तिनी माले शपथ घालेल व्हती. तिनी मायनी तिले घालेल. आनि आई, तू कधी इचारं का?"

नाही विचारलं. मी फक्त सांगितलं.

३० एप्रिल, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. माझा हात मोजायचाही राहिला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि एका जाड पुस्तकातलं चित्र दाखवलं. काहींची ती दोन हाडं कोपराशी जन्मतःच एक झालेली असतात. मधे फटच नाही. हात कायम पालथा नाहीतर अर्धवट. दुखत नाही, ताकद असते, म्हणून कित्येकदा घरच्यांनाही कळत नाही. लहानपणापासून ती माणसं अंग वळवून भागवतात.

"व्यायाम?" मी विचारलं.

"व्यायामाने नाही सुटत. ते आखडलेलं नाही, तसंच घडलेलं आहे. त्यांना न तपासता मी अजून काही सांगू शकत नाही. घेऊन या एकदा. पण वच्छलाबाई, ऑपरेशनच्या मागे लागू नका. पापड लाटतात ना झकास? मग हात चांगलेच आहेत."

म्हणजे माझ्या थोरल्या-धाकट्या रुसल्या होत्या. तिच्या आत दोघी मिठी मारूनच जन्माला आल्या आहेत. आणि मी बाहेरून ओरडत होते, सोडा म्हणून.

निघताना मॅडमनी माझा हात मोजलाच. साठ. "हे बहुतेक शेवटचे," म्हणाल्या. "आता फार वाढेल असं वाटत नाही. साठात माणसाचं सगळं चालतं." पंधरा दिवसांपूर्वी ऐकलं असतं तर मी तिथेच रडले असते. आज नुसतं "बरं" म्हटलं. डोक्यात दुसरंच घोंघावत होतं. पाडव्याचा पंचा! पालथ्या हातांवर बसून राहिलेला पंचा!

यांना म्हटलं, मी फैजपूरला जाते. हे म्हणाले, "आखाजीले? विहिणीकडे? आनि आठे मांडा?" मी म्हटलं, या घरात मांडे होणार नाहीत यंदा. बोलले आणि माझंच मला नवल वाटलं. सव्वीस आखाज्यांत पहिला खाडा, तोही माझ्याच तोंडाने.  मग हे म्हणाले, "पितरसनी घागर मी भरस. पोया चंदनबाई देती. तू जाय." भला माणूस आहे.

३ मे, रविवार. फैजपूर

दोंडाईच्याला सकाळची पॅसेंजर पकडली. मांडीवर आमचं खापर, पंच्यात गुंडाळून. लोकांना वाटलं बाई मडकं विकायला चालली. खापर दुसऱ्याचं चालत नाही मला. अमळनेर आलं, धरणगाव आलं, मी मनात बोलायचं पाठ करत होते. जळगावला उतरून एस.टी. घेतली. दोन्ही बाजूंनी केळी, केळी, केळी, आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले.

कोकिळाची आई ताईबाई दारातच उभी होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मी बसायच्या आत हात जोडून म्हणाली, "विहीणबाई, माझी चूक. मीच तिला सांगितलं, कोणाला बोलू नको. हात असे आहेत कळलं तर कोण करून घेईल पोरीला? तुम्ही तिला टाकायला आलात ना?"

 आणि तोंडातून काय निघालं? "ताईबाई, कोपराखाली दोन हाडं असतात!" मग थांबेचना. अल्ना, रेडियस, बटण, कडं, थोरली, धाकटी, सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, खापर कडेवर. वना आतून बाहेर आला, त्यालाही सांगितलं. तुझ्या पोरीने काही मोडलं नाही, तू काही मोडलं नाहीस, ते तसंच घडलंय म्हणून सांगितलं. ताईबाई रडायला लागली. बावीस वर्षं तिला वाटत होतं, पोटात असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं.

कोकिळा चुलीशी होती. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "बघू हात?" यावेळी तिने पीठ आहे म्हणून सांगितलं नाही, आणि यावेळी खरंच पीठ होतं. मी कोपर धरला, बोटं ठेवली. आत काहीच फिरलं नाही. अगदी शांत.

"मी चुकले पोरी," मी म्हटलं. "नऊ बायकांसमोर बोलले, नऊ बायकांसमोर माफी मागेन."

ती म्हणाली, "आत्याबाई, शाळेत मास्तर छडी मारायचे तेव्हाही हात उताणा होत नव्हता. मग बोटांवर मारायचे, वरच्या बाजूने. मी त्यांनाही सांगितलं नाही." दोन वर्षांत ती माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलली. मी तिचा हात सोडलाच नाही बराच वेळ.

५ मे, मंगळवार, आखाजी. फैजपूर

लिहिते पटापट, बाहेर सगळे जेवायचे खोळंबलेत, पण राहवत नाही!

सकाळी अंगणात तीन दगडांची चूल मांडली, खापर पालथं ठेवलं. कणीक मीच तिंबली, पुरण ताईबाईने वाटलं. लिंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, पण आमच्या चुलीभोवती हळूहळू सगळ्याच गोळा झाल्या. दोंडाईच्याची सासू सुनेच्या माहेरी येऊन आखाजीचे मांडे करते, हे कोणी बघितलंय कधी?

आधी मी केले. साठ अंशांचा हात! उजव्या बाजूला जरा कलतो, पण डाव्याने सावरलं. पाचवा मांडा कोपरापर्यंत आला आणि मी ओरडलेच. आला! माझा हात परत आला! अकरा झाले तेव्हा मी बाजूला झाले आणि म्हटलं, "कोकिळा, ये."

ती मागे सरली. मी म्हटलं, "हात पालथेच ठेव. जसे आहेत तसेच." सगळ्या बायका हसल्या, पालथ्या हातावर कुठे मांडा असतो? मी एकेकीकडे असं बघितलं की गप्प झाल्या. तिच्या बांगड्या उतरवल्या, एकच ठेवली. उंडा लाटून तिच्या दोन्ही मनगटांच्या वर ठेवला. म्हटलं, झुलव. पंचा आठव.

"आठवते आत्याबाई," ती म्हणाली. "मी मागच्या दारी करून बघायची."

पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरा वाढायला लागला. मनगटावरून पुढे, कोपराकडे, आणि पालथे हात कसे सपाट, त्यावर तो असा निवांत पसरला की माझ्या मांड्यापेक्षा पातळ. खरंच पातळ. मी सव्वीस वर्षांची मांडेवाली सांगते. तिच्या हातांवरून तो मी माझ्या हातांवर घेतला, पालथा केला आणि खापरावर टाकला. मला पालथं करता येतं, तिला पसरता येतं, झालं काम! असे एकामागून एक केले.

शेवटचा उरला. मी घ्यायला हात पुढे केले तर कोकिळा म्हणाली, "थांबा." तिने खापराशी पाय रोवले. अंग तिरपं केलं, कोपर पोटापुढे घेतला, खांदा पाडला, आणि मांडा तिच्या हातांवरून अलगद खापरावर उतरला. एकसुद्धा सुरकुती नाही. मॅडमनी बघितलं असतं तर चोरी म्हणाल्या असत्या. मी "शाब्बास!" म्हणून ओरडले आणि रडले, सगळ्यांदेखत.

ताईबाई हाका मारून राहिली आहे. मांडे निवले असतील.

६ मे, बुधवार. जळगाव–दोंडाईचा पॅसेंजरमध्ये

कोकिळा समोर झोपली आहे, शाल अंगावर घेऊन, या उकाड्यात. खापर तिच्या मांडीवर.

मॅडमच्या कार्डाची एकच चौकट कोरी राहिली होती. ती भरली.

माझा उजवा: उताणा साठ. कोकिळाचा उजवा: शून्य. डावा: शून्य. मांडे: माझे अकरा, कोकिळाचे नऊ. त्यातला खापरावर तिने एकटीने टाकलेला: एक.